तिला विचारलं का?

ताई, नमस्कार.

मी टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो, वय ५५. आईबाबा १९७३ साली इकडे आले आणि ७६ साली बाबा गेले. आईने दिवसा कारखान्यात शिलाई केली, संध्याकाळी डबे केले आणि मला वाढवलं. ७७च्या डिसेंबरात आम्ही दोघांनी टीव्हीवर बाहुल्यांचा एक ख्रिसमसचा कार्यक्रम पाहिला होता, 'एमेट ऑटर्स जग-बँड ख्रिसमस'. गरीब पाणमांजराचं पोर, त्याची विधवा आई, नदीकाठचं घर. मी सात वर्षांचा होतो. शेवटच्या गाण्याला आई रडली होती, हे मला अजून आठवतं.

गेल्या महिन्यात मोठ्या हौशीने सगळ्यांना तो दाखवायला बसवलं. मुलगा (१४) दहाव्या मिनिटाला फोनमध्ये गेला. मुलगी (९) म्हणाली, यांची तोंडं नुसती उघडतात आणि मिटतात. सुरुवातीला सायकलवरून बेडूक येतो असं मी छाती ठोकून सांगितलं होतं, तो आलाच नाही. आणि एमेट आईच्या टबाला भोक पाडतो तिथे आई (८१) एकदम म्हणाली, "तिला विचारलं का?" आणि उठून आत गेली. तेव्हापासून ती तुटक तुटक बोलते आहे. बायको म्हणते, जुनं उकरू नका. तसे सगळे दमलेलेही आहेत. आईसाठी खालच्या मजल्यावर खोली आणि न्हाणीघर काढतोय, त्यासाठी तिचा डोंबिवलीचा ब्लॉक विकायला काढलाय, त्याची कागदपत्रं चालू आहेत. नाताळात मुलांना पुन्हा बसवू की नाद सोडू? आणि आईला नेमकं काय झालं असेल?

— एक मुलगा, मिसिसागा

प्रिय मिसिसागाकर,

आधी बेडकाचं मिटवू, म्हणजे निदान मुलांपुढे तुमची पत राहील. तुमची आठवण बरोबर आहे. कर्मिट बेडूक होता, सायकलवर होता आणि गोष्टही तोच सांगत होता. २००४ साली डिस्नेने मपेट्स, म्हणजे कर्मिट आणि त्याच्या सोबतच्या बाहुल्या, विकत घेतले तेव्हा कर्मिट तिकडे गेला, एमेट मात्र हा कार्यक्रम करणाऱ्या जिम हेन्सन यांच्या घराण्याच्या कंपनीकडेच राहिला. वाटण्या झालेल्या घरात जुन्या फोटोतून एखादा काका कापून काढतात ना, तसं झालं. त्यानंतरच्या काही डीव्हीडींतून कर्मिट गायब आहे आणि तुम्ही बहुधा त्यातलीच एखादी लावलीत. त्याला परत घेतलेली आवृत्तीही आहे. पुढच्या वेळी पहिली दोन मिनिटं एकट्याने बघून घ्या आणि मगच छाती ठोका.

तुमचं पत्र वाचून मला आमच्या सोसायटीतला एक रविवार आठवला. १९८८ साली माझा भाऊ न्यू जर्सीहून कॅसेटींची पिशवी घेऊन आला, त्यात ही एक होती. अमेरिकेची कॅसेट तिकडच्या एनटीएससी पद्धतीची, आमचा व्हीसीआर इकडच्या 'पाल' पद्धतीचा, त्यामुळे पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा धावायच्या. तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडात दुबईहून आणलेला मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता. तिथे सतरंजीवर आम्ही अकराजण बसलो. त्यातल्या चौघांना इंग्रजी कळत होतं, बाकीच्यांना माझा भाऊ मधूनमधून मराठीत सांगत होता. साप-तेल विकून पोट भरू पाहणारा एमेटचा बाप का बुडाला, तर सापाला तेल चोळून घ्यायला गिऱ्हाईकच मिळेना, हा विनोद त्याने सांगितला आणि सगळ्यांच्या आधी माझी सासू हसली.

मग टबाचा प्रसंग आला. एमेटची आई लोकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवते आणि तिच्याकडे पत्र्याचा एकच टब आहे. गावात गाण्याची स्पर्धा जाहीर होते, बक्षीस ५० डॉलर. एमेटच्या दोस्तांनी बँड काढलाय, त्यात रिकाम्या जगमध्ये फुंकून सूर काढायचा असतो आणि खर्जाला टब लागतो. टब पालथा घालायचा, मधोमध भोक पाडायचं, त्यातून दोरी ओवायची आणि दुसरं टोक काठीला बांधून ताणायचं. ते भोक पडलं तेव्हा माझा भाऊ काहीच सांगत नव्हता, तरी खोलीतल्या पाच बायका एका सुरात "अगं बाई!" म्हणाल्या. त्यांच्यातल्या एकीच्याही घरी वॉशिंग मशीन नव्हतं. पुरुषांना तिथे काही विशेष घडल्यासारखं वाटलं नाही. बाजा कसा वाजतो याचीच त्यांना उत्सुकता होती.

म्हणून तुमच्या आईंचं उठून जाणं मला विक्षिप्त वाटत नाही. आयुष्यभर हाताने धुणं केलेल्या माणसाला त्या भोकातून आधी उद्याचं पाणी गळताना दिसतं.

पण एवढ्यावरच त्या उठल्या असतील असंही नाही. ही गोष्ट ओ. हेन्री यांच्या १९०५च्या कथेवरून सुचलेली आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या कथेत बायको स्वतःचे केस विकून नवऱ्याच्या घड्याळाला साखळी आणते आणि नवरा तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणतो. आपल्याकडे शाळेत हिची किती भाषांतरं आणि रूपांतरं झाली त्याला गणती नाही. रसेल होबन यांनी १९७१ साली मुलांसाठी एमेटचं मूळ पुस्तक लिहिलं, लिलियन होबन यांनी चित्रं काढली, आणि या कल्पनेत एक गोष्ट गुपचूप फिरवली. एमेट आणि त्याची आई स्वतःचं काही विकत नाहीत. तो आईचा टब फोडतो. ती स्पर्धेत गाण्यासाठी झगा शिवायला कापड हवं म्हणून त्याची हत्यारांची पेटी गहाण टाकते. ही पेटी बापाची, आणि तिच्या जोरावरच पोरगं गावात किरकोळ दुरुस्त्या करून पैसे आणत असतं. दोघंही डाव लावतात तो समोरच्याच्या पोटापाण्यावर. आणि दोघांच्या मनात समोरच्याला खूश करायचंच असतं. त्याला आईसाठी पियानो घ्यायचाय, तिला त्याच्यासाठी शिंपल्यांची नक्षी असलेली गिटार.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचा. डोंबिवलीच्या ब्लॉकचं. सगळे का दमलेत हे सांगताना तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंत. तुमच्या पत्रात आईंचे तीन शब्द आहेत, "तिला विचारलं का", आणि ब्लॉकबद्दल आईंचा एकही नाही. तो कधी घेतला, कुणाच्या पैशाने, त्या तिथे किती दिवस राहायच्या, काहीच नाही. "तिचा ब्लॉक" म्हणालात, एवढ्यावरून तो त्यांच्या नावावर असावा असं मी धरून चालले आहे. विकायचं ठरलं तेव्हा त्या काय म्हणाल्या?

माझा अंदाज चुकूही शकतो. त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत असतील, किंवा तुमच्या मुलाचा फोन वाजला असेल. पण टबाला भोक पाडणारा मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे, आईवर जीव टाकतो, आणि जे करतोय ते तिच्यासाठीच करतोय. तुमच्या आईंनी असा मुलगा पडद्यावर पाहिला, शेजारच्या सोफ्यावरही पाहिला, आणि तोंडातून प्रश्न निघून गेला. सही त्यांनी केली असणारच, वकिलातीत नेऊन मुखत्यारपत्रावर घेतली असेल. सही म्हणजे विचारणं नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या पिढीतल्या बायका मुलाने कागद पुढे केला की चष्मा शोधायच्या आतच सही करतात.

१९७७ साली त्या रडल्या होत्या, म्हणता. तेव्हा त्या तेहेतीस वर्षांच्या होत्या आणि नवरा जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पेटी गहाण टाकून स्टेजवर उभी राहणारी आई त्यांना ओळखीची वाटली असेल. शिलाई सांभाळून परक्या देशात डब्यांचा धंदा मांडताना त्यांनी कुठलं धान्य, कुणाचे पैसे, कुणाची झोप पणाला लावली हे त्यांचं त्यांना माहीत. आता त्या ८१ वर्षांच्या आहेत, डाव लावणारं माणूस दुसरं आहे आणि टब त्यांचा आहे. कार्यक्रम तोच, बाई तीच, फक्त खुर्ची बदलली.

तेव्हा नाताळची वाट बघू नका. घरात कुणी नसेल अशा वेळी त्यांच्याजवळ बसा आणि पाणमांजराचं नावही न काढता ब्लॉकचं विचारा. "आई, तुला विकायचाय ना?" असं विचारलंत तर "तुम्ही ठरवलंय ना" असंच उत्तर येईल आणि तुम्ही सुटलो म्हणून उठाल. त्यापेक्षा म्हणा, "मी तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. अजून काही बिघडलेलं नाही. तुझ्या मनात त्या घराचं काय आहे?" मग गप्प बसा. पाच मिनिटं गप्प बसावं लागलं तरी बसा, चहाचा कप विसळायला उठू नका.

कदाचित त्या म्हणतील, विका, मला आता तिथे जाणं होत नाही, पण फडताळातली पितळेची भांडी आणि तुझ्या बाबांची ट्रंक माझ्या डोळ्यांदेखत निघाली पाहिजे. कदाचित म्हणतील, भाड्याने द्या, मला महिन्याला माझे म्हणून पैसे दिसू देत. किंवा म्हणतील, खाली खोली मला नकोच, वरच्या खोलीतून मला रस्ता दिसतो. या शेवटच्या शक्यतेचा तुम्ही विचार केला नसणार, म्हणून मुद्दाम लिहिते. न्हाणीघरात धरायला दांडी लावून आणि जिन्याला दुसरा कठडा करून भागत असेल तर अख्खं बांधकाम कशाला, हाही प्रश्न त्यात निघेल.

टोकन घेतलं नसेल तर काहीच अडलेलं नाही. मुखत्यारपत्र त्यांना रद्दही करता येतं, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. आणि विकायचंच ठरलं तर पैसे आधी त्यांच्याच एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातल्या बँकेतलं खातं) जमा होऊ द्या. तिथून बांधकामाला किती द्यायचे ते त्या सांगतील.

आता मुलांचं.

पुन्हा जबरदस्तीने बसवू नका. खरं सांगू? पहिली वीस मिनिटं संथ आहेत. तुम्हाला ती संथ वाटत नाहीत, कारण तुम्ही नदी बघत नसता, १९७७चं घर बघत असता. मुलांना तुमचं ते घर दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. ज्या जागी तुम्हाला हुंदका येतो तिथे मुलीकडे वळून बघायची सवय असेल तर तीही सोडा. कुणी आपल्या चेहऱ्यावर रडू शोधतंय हे नऊ वर्षांच्या पोरीला बरोबर कळतं.

पण मुलगी जे बोलली ते मला फार आवडलं. तोंडं नुसती उघडतात आणि मिटतात! तिला बाहुलीच्या आतला हात दिसायला लागलाय. तिथूनच धरा. तिला सांगा की हे सगळं तिच्या शेजारच्याच शहरात झालंय. १९७७च्या मार्चमध्ये टोरांटोच्या स्टुडिओत जिम हेन्सन यांनी ५० फूट लांबीची खरीखुरी पाण्याची नदी बांधून घेतली होती. बाहुल्या खेळवणारे लोक खाली दडून, हात डोक्यावर उंच धरून उभे राहायचे आणि समोरच्या छोट्या पडद्यावर आपलीच बाहुली बघत तिला हलवायचे. मग भर पाण्यात होडी वल्हवणारा एमेट कुणाच्या हातावर असणार? कुणाच्याच नाही. ती बाहुली रेडिओच्या लहरींवर लांबून चालवलेली आहे. पन्नास वर्षं होत आली, त्या वेळी टीव्हीसाठी कुणी असं सहसा करत नव्हतं. एमेटच्या आईला हात फ्रँक ऑझ यांचा आहे आणि आवाज मेरिलिन सोकोल यांचा. आपल्याकडे रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन बसायचे तेव्हा हातही त्यांचा आणि आवाजही त्यांचाच, आणि वर स्वतःचे ओठ हलू द्यायचे नाहीत. इथे एकाचा हात, दुसरीचा आवाज, आणि तरी ती बाई एकच वाटते. कुठे जुळतं आणि कुठे निसटतं ते मुलीला पकडू द्या, ती तुम्हाला दहा ठिकाणं काढून दाखवेल.

आणि कार्यक्रमाच्या आधी फुकट गेलेले तुकडे दाखवा. एका दृश्यात वाद्यांच्या दुकानातून एक ढोल घरंगळत बाहेर यायचा आणि ठरल्या जागी आडवा व्हायचा, एवढंच होतं. तो होतच नव्हता. कधी भलतीकडे जायचा, कधी मध्येच थांबायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आणि दर वेळी बाहुल्या हातातच असल्यामुळे ऑझ आणि एमेट खेळवणारे जेरी नेल्सन आई-मुलाच्याच आवाजात त्या ढोलावर टोमणे मारत राहतात. तुमचा चौदा वर्षांचा मुलगा फोन ठेवेल तो इथे. नाहीतर रिव्हरबॉटमवाल्यांचं गाणं लागेल तेव्हा. साप, सरडा, पाण्याच्या टाकीतला मासा अशी गावातली टवाळ टोळी झगमग कपड्यांत येते आणि कानठळ्या बसवणारं रॉक वाजवते. त्या वयाला आवडण्यासारखं त्या कार्यक्रमात तेच आहे. सगळी गाणी पॉल विल्यम्स यांची, त्या टोळीचंही आणि आईचं हळुवार गाणंही, हे मुलाला मुद्दाम सांगा. संगीतात त्याला थोडी गती असेल तर त्याचं डोकं चालू लागेल. या दोन गोष्टींवरही तो बसला नाही तर त्याला वर जाऊ द्या.

मुलीला एक मोजा द्या. फोनचा मागचा कॅमेरा टीव्हीला जोडा आणि टेबलाआड बसून तो मोजा खेळवायला सांगा. पुढचा कॅमेरा नको, त्यात आरशासारखं दिसतं. मागच्यात बाहुलीला उजवीकडे न्यावं तर पडद्यावर ती उलटीकडे जाते आणि पाच मिनिटांत हात दुखायला लागतो. मग तोंडं नुसती का उघडतात आणि मिटतात याबद्दल तिचं स्वतःचं मत तयार होईल.

शेवट तुम्हाला आठवतो तसाच आहे का, तेवढं एकदा तपासा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटतं की एमेट जिंकतो. तो हरतो. त्याची आईही हरते. ती रॉकवाली टोळी जिंकते, आणि परीक्षकांनी पक्षपात केला असंही नाही, ते चांगलंच वाजवतात. ना पियानो येतो, ना गिटार. टबाचं भोक तसंच, पेटी गहाणच. घरी परतताना थिजलेल्या नदीकाठी दोघांची गाणी एकात एक गुंफली जातात, ते ऐकून खाणावळीचा बेडूक मालक बाहेर येतो आणि सगळ्यांना रोज गायला ठेवून घेतो, वर जेवण. म्हणजे बक्षीस हुकलं, नोकरी लागली. आमच्या सतरंजीवर माझ्या सासऱ्यांना कार्यक्रमातली हीच एक गोष्ट पटली होती. "जेवून किती देणार?" असं त्यांनी भावाला दोनदा विचारलं.

तुमच्या आई यंदा त्याच्या आधीच उठून गेल्या. त्यांना "शेवट तर बघ" म्हणून आणून बसवू नका. ब्लॉकचं बोलणं झालं की त्या आपण होऊन येतील किंवा येणार नाहीत. आल्याच आणि टबाशी पुन्हा काही बोलल्या तर नातीला त्याचं इंग्रजी करून सांगा, गाळून नाही, जसंच्या तसं. पत्र्याच्या टबात धुणं कसं व्हायचं, थंडीत हातांचं काय व्हायचं, हे त्या घरात फक्त एका माणसाला ठाऊक आहे.

बायकोला माझा नमस्कार सांगा. जुनं उकरू नका म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त हे प्रकरण जुनं नाही, गेल्या दोन-तीन महिन्यांतलं आहे.

आणि डोंबिवलीच्या एजंटला आजच फोन करून गिऱ्हाईक दाखवणं थांबवायला सांगा. तुमच्याकडे रात्री साडेदहा वाजता केलात तर इथे सकाळचे नऊ वाजलेले असतात.

— तुमची ताई